डब्यात असेल तेवढंच

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. शरद पवारही त्या आंदोलनात आले होते. बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ला. मधल्या काळात लाल कांदा मिळेल त्या भावाने गेला, आणि तालुक्यातल्या घराघरांत वर्षाचे हिशोब विस्कटले.

अशाच एका घरातल्या दोन जावांची ही गोष्ट. होळकरांच्या रंगमहालाच्या अंगाला, जुन्या गावात त्यांचं घर. थोरलीच्या हातची कुरडई नात्यागोत्यात नावाजलेली. धाकटी बी.कॉम. झालेली, मोबाइलवर बोटं झरझर चालणारी. खताच्या दुकानाची उधारी थकली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, लग्नकार्यात आपण रुखवतासाठी फुकट करून देतो त्या कुरडया विकल्या तर?"

कुरडई किती कष्टाची असते हे ज्यांनी ती फक्त तळून खाल्ली आहे त्यांना ठाऊक नसतं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून त्याचा चीक काढायचा, तो गाळायचा, निवळू द्यायचा, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात शिजवायचा. चीक गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घालायच्या, कारण निवला की तो सोऱ्यातून उतरत नाही. वर चैत्र-वैशाखाचं ऊन लागतं. हे सगळं करणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशोब आपल्याकडे कुणी कधी मांडलेला नाही, आणि माझ्या मते या घराची पहिली चूक तिथेच झाली.

कागदपत्रं धाकटीने नीट केली. अन्नपदार्थ विकायचा म्हणून एफएसएसएआयची नोंदणी हवी. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे शंभर रुपये भरले की चौदा आकडी क्रमांक मिळे आणि तो पाकिटावर छापावा लागे. जीएसटीचीही तिला धास्ती होती. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना, उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल, तर जीएसटी क्रमांक न काढताही ऑनलाइन बाजारात उतरता येतं. पोर्टलवर एक साधी नोंद करावी लागते. पुणे, मुंबई, नागपूर एवढं गिऱ्हाईक तिला पुष्कळ होतं.

भाव मात्र तिने शेजारच्या पानावरच्या मालाकडे बघून लावला. इतरांची २६० रुपये किलो, म्हणून आपली २४९. फोटो काढला तो तळून फुललेल्या, पांढऱ्याशुभ्र कुरडईचा. आठ दिवसांत ऑर्डरी सुरू झाल्या. मोबाइल वाजला की थोरली हातातलं काम टाकून बघायला यायची.

महिनाअखेरीस खात्यावर जमा झालेली रक्कम बघून दोघी गप्प झाल्या. धाकटीने वही काढली. कुरडई वजनाला हलकी पण जागा खाणारी. एक किलो माल मावायला तीस, पंचवीस आणि वीस सेंटीमीटरचं खोकं लागे. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला पाच हजारांनी भागतात आणि जे येईल ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असलं तर तेवढे किलो धरतात. पंधरा हजार भागिले पाच हजार, म्हणजे तीन. एक किलोच्या पार्सलला तीन किलोचं भाडं! त्यातून बाजाराचं कमिशन वजा. आणि वाटेत मोडून गेलेला माल लोक परत पाठवत, तेव्हा पदरात पडे तो चुरा.

"म्हणजे आपण राबून लोकांना वर पैसे दिले," थोरली म्हणाली.

हे कमी होतं म्हणून वैशाखात आभाळ भरून आलं. गच्चीवरचा माल घाईने खाली आणला, तो आंबूस झाला आणि फेकावा लागला. मोबाइलमध्ये चाळीस ऑर्डरी थांबलेल्या. वेळेत माल गेला नाही तर खात्याचा दर्जा घसरतो आणि आपलं पान शोधात खाली जातं, हे धाकटीला माहीत होतं. तेवढ्यात ओळखीचा एक व्यापारी दारात आला. त्याच्याकडे कारखान्यातली कुरडई होती, मैद्याची, स्वस्त, हवी तेवढी.

"वहिनी, पाकीट तुमचं, माल माझा. तळली की सगळ्या सारख्याच फुलतात."

थोरली तयार झाली. गिऱ्हाईक कुठे बघायला येतंय, असं तिचं म्हणणं. धाकटीही डळमळली होती. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी पाकीट मागवलं आणि म्हणाल्या, "वाच काय छापलंय."

"घरगुती गव्हाची कुरडई. चांदवड, जि. नाशिक."

"आणि तो लांबलचक नंबर?"

"आपल्या घराचा, आई."

"मग त्याच्याखाली मैदा कसा घालशील?"

व्यापारी हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची मावशी मुंबईला गिरगावात राहायची. तिच्या तोंडून लिज्जतची गोष्ट त्यांनी अनेकदा ऐकली होती, ती त्यांनी सुनांना सांगितली. गोष्ट खरी आहे. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून त्या बायकांनी चार महिने काम बंद ठेवलं. दुसऱ्या वर्षी खाट आणली, खाली स्टोव्ह ठेवला आणि खाटेवर पापड वाळवले.

"चार महिने बंद?" धाकटीने विचारलं.

"बंद ठेवलं म्हणून बुडाल्या का त्या?"

मला इथे या गावाचीच एक जुनी गोष्ट आठवते. होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालायचा. तो घेणारा माणूस टांकसाळ बघायला इथे येत नसे. छाप ओळखायचा, वजन पारखायचा आणि कनवटीला लावायचा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर कुरडई मागवणाऱ्या बाईची स्थिती तीच आहे. फक्त तिच्या हाती पारखायला काही नसतं, पैसे आधी जातात.

धाकटीने त्या रात्री चाळीसच्या चाळीस ऑर्डरी रद्द केल्या आणि प्रत्येकीला लिहिलं की पावसाने माल खराब झाला आहे. त्याची किंमत मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. पान खाली गेलं, दोन महिने जेमतेम विक्री झाली. थोरली तिच्याशी आठवडाभर तुटक बोलत होती.

पण वही बंद झाली नाही. पावसाळ्यात दोघींनी बसून मजुरी, गॅस, खोकं, भाडं, परतीचा माल असं सगळं भावात धरलं. कुरडई तळहाताएवढी, चपटी घालायची ठरवली, म्हणजे एकीवर एक रचता येते. अर्ध्या किलोचं खोकं वीस, वीस आणि दहा सेंटीमीटरचं झालं, हिशोबात पाऊण किलोच्या जरा वर. भाव दुपटीच्या जवळ गेला. फोटो तळलेल्या कुरडईसोबत कच्च्या, पिवळसर कुरडईचाही लावला आणि खाली लिहिलं, 'प्रवासात थोडी मोडते.'

चुऱ्याचं काय करायचं हे थोरलीने सुचवलं. आपल्याकडे कुरडईची भाजी होतेच की: चुरा भिजवायचा, कांदा-मिरचीवर परतायचा. तिने 'भाजीची कुरडई, मोडलेली' असं वेगळं पाकीट काढायला लावलं. नाशिक-खानदेश सोडून शहरात गेलेल्या बायकांनी तेच आधी उचललं. मोडलेलं म्हणून सांगून दिलेलं एकही पाकीट परत आलं नाही.

२०२५चा मे राज्याला झोडपून गेला, पाऊस मृगाची वाटही न बघता आला. या घरात मात्र चैत्रातच काम उरकलं होतं. रोज रात्री थोरली डबे तोलायची आणि धाकटी तेवढाच आकडा मोबाइलवर चढवायची. मेच्या अखेरीला डबे रिकामे झाले. व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला, माल भरपूर आहे म्हणाला. फोन थोरलीने घेतला होता.

"भाऊ, आमचा आकडा शून्य केलाय. तुमच्याकडे चांगला गहू असला तर फाल्गुनात या, दोन पोती घेऊ."