ताटाजवळचा पेला

एखादी वस्तु आपल्या जागीं शोभली म्हणजे ती नीतीच्या दृष्टीनेंही निर्दोष ठरते काय? हा प्रश्न आमच्या मनांत कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथानें नव्हे, तर एका साध्या जेवणानें उत्पन्न केला. कांहीं वर्षांपूर्वीं इटलींतील तोस्काना प्रांतांत एका समव्यवसायी गृहस्थाच्या घरीं आम्ही पाहुणे होतों. स्वयंपाकघरांतील मेजावरच पानें मांडली होतीं. टोमॅटोच्या रसांतला पास्ता, पांढऱ्या घेवड्याची उसळ, पाव, आणि जवळच त्याच मुलखांतील कियांती वाइनची एक स्वस्त बाटली. शेवटीं बदामाचीं कडक बिस्किटें आलीं. तीं ‘विन सांतो’ नांवाच्या गोड वाइनमध्यें बुडवून खावयाचीं, असा तेथील रिवाज आहे.

आम्ही मद्य घेत नाहीं. आमचे एक मामा, विद्वान व प्रेमळ गृहस्थ, दारूपायीं धुळीस मिळाले. तें पाहून आमच्या मातोश्रींनीं आम्हां भावंडांकडून लहानपणींच वचन घेतलें होतें. यजमानांनीं आग्रह केला नाहीं. पेल्यांत पाणी ओतलें. तथापि हीच वाइन कां, असें आम्हीं कुतूहलानें विचारल्यावर त्यांनीं जें सांगितलें तें मननीय होतें. टोमॅटो आंबट असतो. त्याच्या शेजारीं कमी आंबट वाइन अगदीं मिळमिळीत लागते. म्हणून सांजोवेझे जातीच्या द्राक्षांची आंबटसर वाइनच तेथें जुळते. तांबड्या वाइनचा तुरटपणा मांसाच्या संगतींत निवतो. तिखट पदार्थाबरोबर मात्र तुरटपणा व मद्यार्क हे दोन्ही जिभेची आग वाढवितात. आणि पक्वान्नाबरोबरची वाइन निदान पक्वान्नाइतकी तरी गोड असलीच पाहिजे. एरवीं ती आंबट लागते. ह्या नियमांत किंमतीचा उल्लेख कोठेंही नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

अकराव्या शतकांतील काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ ह्या ग्रंथांत काव्याविषयीं हेंच सांगितलें. अलंकार कितीही मौल्यवान असला, तरी भलत्या जागीं घातल्यास तो हास्यास्पदच होतो. जें काव्याचें तेंच ताटाचें. पुरणपोळीशेजारीं तिखट-आंबट कटाची आमटी वाढणाऱ्या आमच्या आजीनें क्षेमेंद्र वाचला नव्हता. परंतु औचित्य ती पूर्णपणें जाणत होती, आणि त्यासाठीं तिला वेगळा पैसा पडत नव्हता.

ह्याच्या उलट, किंमत हीच योग्यता मानणाऱ्यांची फसगत कशी होते पाहा. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सहा हजारांहून अधिक चाचण्या किंमत झांकून घेतल्या. त्यांत सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडल्याचें दिसलें नाहीं, उलट किंचित् कमीच आवडली. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत एकच वाइन एकदां दहा डॉलरांची व एकदां नव्वद डॉलरांची म्हणून दिली. नव्वदांची म्हणून दिलेली लोकांना अधिक रुचली. जिभेवर राज्य चालतें तें चिठ्ठीचें! येथवर त्या साध्या बाटलीचा पक्ष आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. तिच्यांत प्रौढीची हांव नव्हती.

परंतु औचित्य म्हणजे निर्दोषत्व नव्हे. फ्रान्समध्यें जेवणाबरोबर वाइन घेणें इतकें उचित मानीत कीं, १९५६ सालीं बंदी होईपर्यंत चौदा वर्षांखालील मुलांनाही शाळेच्या भोजनगृहांत ती मिळत असे. रिवाज शोभिवंत होता. म्हणून तो हितकर होता काय? जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे. आमच्याकडे जानेवारी २०२२ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद ऐकूं आला. नाशिकच्या द्राक्ष-बागाइतदाराच्या हिताची चिंता योग्यच आहे. पण नांव बदलल्यानें पदार्थ बदलत नाहीं. साध्या वाइनमध्यें शेंकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो, आणि तो ताटाजवळ असला काय किंवा गुत्त्यांत असला काय, आपला गुण सोडीत नाहीं.

मग त्या यजमानांचें वर्तन सदोष म्हणावयाचें काय? तसेंही आमच्यानें म्हणवत नाहीं. जेवण आटोपल्यावर त्यांनीं अर्धी उरलेली बाटली बूच लावून फडताळांत ठेविली, आणि भांडीं घासावयास घेतलीं. ह्या क्षुल्लक कृतीकडे आम्ही पाहातच राहिलों. मामांच्या घरीं बाटलींत कांहीं उरलेलें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. औचित्याला दोन मापें आहेत, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. पेला पदार्थाशीं जुळतो कीं नाहीं हें एक. आणि तो पिणाराशीं जुळतो कीं नाहीं हें दुसरें. पहिलें जिभेला कळतें. दुसरें मात्र पुष्कळदां उशिरां कळतें, आणि तें प्रथम घरच्या माणसांना कळतें.

ह्यांतच आमच्या मातोश्रींच्या वचनाचें मर्म आहे. आपण यजमानांसारखे निघूं कीं मामांसारखे, हें पहिल्या पेल्यापूर्वीं कोणासच सांगतां येत नाहीं. ज्या घरानें एकदां मोल दिलें आहे, त्यानें ती परीक्षा नाकारली तर तें अज्ञान नव्हे, शहाणपणच होय. म्हणून वचन आम्हीं मोडलें नाहीं, व मोडणारही नाहीं. मात्र ताटाजवळ पेला ठेवणाऱ्या प्रत्येकाविषयीं आम्ही जो तिरस्कार बाळगीत होतों, तो त्या रात्रीं गळून पडला. वचन पाळण्यास त्याची गरज नव्हती.