‘येतो’ म्हणताना

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. बंगालीतही निरोपाला ‘आशि’च. इंग्रजी ‘गुडबाय’च्या मुळाशी ‘देव तुझ्यासोबत असो’ अशी शुभेच्छा आहे. जाणाऱ्याला देवाच्या हवाली केलं की मागे राहणारा मोकळा. ‘येतो’ने कोणीच मोकळं होत नाही. ते वचन आहे, आणि त्यात न उच्चारलेली एक मागणीही आहे: मी येईन, तोवर तुम्ही इथे असा.

ही मागणी करण्याचा हक्क जाणाऱ्याला कुठून मिळतो?

भिलाईच्या सेक्टर २मधून मोटारसायकलवर एकटाच निघून मी कोकणात जाऊन आलो. १९ दिवस लागले. परतताना साकोली, देवरी मागे पडली, बाघनदी ओलांडून छत्तीसगड लागलं, तेव्हा घर होतं तसंच असणार याची खात्री होती. तसंच होतं. पण घर आपोआप तसंच राहत नाही. आईची औषधं, नळाच्या वेळा, दादाच्या शिफ्टचे डबे, हे सगळं वहिनीने सांभाळलं होतं. ‘एकट्याने केलेला प्रवास’ हे व्याकरणाला धरून आहे, पण हिशोबाला धरून नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ आपण बहुधा झाशीच्या हकिगतीसाठी वाचतो. मला त्यातली कावड महत्त्वाची वाटते. धन हाती राहिलं नाही, पण खांद्यावर आणलेल्या गंगाजलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. मागे राहिलेल्यांचं आपण काही देणं लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यावर आक्षेप घेता येईल. प्रत्येक प्रवास कर्जखाती टाकला तर मोकळेपणा उरला कुठे? आणि मागे राहणाऱ्याने स्वखुशीने राहणं पत्करलं असेल तर? आक्षेप रास्त आहे. पण एकाच माणसाच्या वाट्याला वर्षानुवर्षं राहणंच येत असेल, तर त्याला स्वखुशी म्हणताना जपून बोलावं. माझ्या मते हे देणं भेटवस्तूंनी फिटत नाही, किश्शांनी तर नाहीच. ते पाळीने फिटतं: आज मी गेलो, उद्या तू जा, मी राहतो.

आमच्या टाउनशिपमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५९मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पोलाद कारखान्याबरोबर क्वार्टरांची ही वस्ती वाढली. क्वार्टर नोकरीसोबत मिळतं. दादा पुढच्या वर्षी निवृत्त होईल, मग हे दार आमचं नसेल. तेव्हा ‘येतो’ हे भिंतींना उद्देशून म्हटलेलं नसतंच. ते राहणाऱ्या माणसांना म्हटलेलं असतं.

वहिनीला अमरावतीला बहिणीकडे महिनाभर राहायचं आहे. बरीच वर्षं ते लांबत गेलं. येत्या महिन्यात ती जाईल. औषधं, नळ, डबे माझ्याकडे. या वेळी ‘येते’ ती म्हणेल, आणि ‘ये’ म्हणायचं काम माझं.