वाटा नाही, पण शिदोरी?



'माझं' हा शब्दच आयुष्यातून काढून टाकला तर? 'माझं काहीच नाही' असं आपण सगळेच म्हणतो, ऐकताना मानही डोलावतो. आणि मग कपाटाची किल्ली जागेवर आहे ना, ते बघून झोपतो. पण जगात काही माणसं पिढ्यान् पिढ्या खरोखर तसं जगत आली आहेत. त्यांच्याबद्दल वाचलं आणि आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

हे लोक म्हणजे हटराइट ख्रिस्ती. कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा प्रांतांत आणि अमेरिकेतल्या साउथ डकोटा, मोंटाना राज्यांत, शहरांपासून लांब, शेतांच्या मधोमध त्यांच्या वस्त्या आहेत. वस्त्या सुमारे ५००, माणसं चाळीस हजारांहून जास्त. येशूच्या पहिल्या अनुयायांचं सगळं सामाईक होतं, असं बायबलात आहे. ते वचन हे लोक अक्षरशः पाळतात. १५२८ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, सुमारे दोनशे निर्वासितांनी एक झगा जमिनीवर पसरला आणि ज्याच्याजवळ जे होतं ते त्यावर ठेवलं. तिथून ही वाट सुरू झाली. त्यांचे पुढारी याकोब हुटर यांना १५३६ साली इन्सब्रुकला जिवंत जाळण्यात आलं.

आजही वस्तीतली जमीन, ट्रॅक्टर, घर, पैसा कुणा एकाच्या नावावर नाही. घंटा वाजली की सगळे एकाच भोजनगृहात जेवतात, बायका आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना. स्वयंपाकाच्या पाळ्या बायकांमध्ये ठरलेल्या. म्हातारपणी आपलं कोण करेल, ही काळजी तिथं कुणाला नाही. खरं सांगायचं तर हे वाचून आम्हाला हेवाच वाटला! वस्तीत दीडशेच्या आसपास माणसं झाली की नवी वस्ती वसवतात. काही शाखांमध्ये तर सगळीच कुटुंबं सामान बांधून तयार राहतात आणि कोणी जायचं, कोणी राहायचं हे चिठ्ठी टाकून ठरतं. 'मी कुठे राहणार' हेसुद्धा सोडून द्यायचं! समर्पण म्हणतात ते हेच.

या समाजाने सोसलंही फार. पहिल्या महायुद्धात सैन्याचा गणवेश अंगावर चढवायला नकार दिला म्हणून चौघा हटराइट तरुणांना अल्काट्राझच्या तुरुंगात टाकलं. त्यातले जोसेफ आणि मायकेल होफर हे सख्खे भाऊ १९१८च्या अखेरीस लेव्हनवर्थच्या कैदेत वारले. त्यानंतर बहुतेक वस्त्यांनी अमेरिका सोडून कॅनडा गाठला. आपल्या अंतःकरणाला जे पटत नाही ते सरकारने सांगितलं तरी करायचं नाही, म्हणून.

आता प्रश्न इथं येतो. याच समाजातल्या एखाद्याचं अंतःकरण उद्या वेगळं सांगू लागलं तर?

तसं झालं. मॅनिटोबातल्या एका वस्तीत काहींनी दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची शिकवण धरली. त्यांना समाजातून काढून टाकलं. त्यांनी मालमत्तेत वाटा मागितला. १९७० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, वाटा मिळणार नाही. सभासद होतानाच तुम्ही सगळं समाजाला दिलंत, ते परत मागता येत नाही. एका न्यायमूर्तींचं मत मात्र वेगळं पडलं. धर्मस्वातंत्र्यात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वस्तीची बाजूही समजून घेतली पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येकाला वाटा द्यायचा तर जमिनीचे तुकडे होतील आणि मागे राहिलेल्यांच्या ताटातलं जाईल. शिवाय बाप्तिस्मा लहानपणी नाही, जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घेतात. शब्द दिला तो समजून दिला. आणि बाहेर गेलेली कितीतरी तरुण मुलं परत येतात, त्यांना घरात घेतलंही जातं.

पण जो तिथंच जन्मला, तिथंच शिकला, ज्याच्या नावावर कधी बँकेत खातंही नव्हतं, तो शब्द देताना दुसरी वाट पाहून निवडतो का? आणि बायकांचं काय? परंपरेने वस्तीच्या सभेत मत फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषांना. म्हणजे देणं दोघांचं सारखं, बोलणं एकाचंच.

आम्हाला असं वाटतं की दान परत मागू नये हे खरं, पण समर्पणाला किंमत येते ती दार उघडं असतं म्हणून. जाता येत असूनही जो राहतो, त्याचं राहणं खरं. जाता येत नाही म्हणून जो राहतो, त्याला आपण भक्त म्हणायचं की अडकलेला? जाणाऱ्याला वाटा नसेल देता येत, तर शिदोरी तरी द्यावी. हातात एखादं कसब, चार महिने निभतील एवढे पैसे, आणि 'पोचलास की कळव' एवढा शब्द. तेवढ्याने कुठलीही वस्ती मोडत नाही.

समाज कसा आहे हे आत राहणाऱ्यांच्या सुखावरून कळतंच. पण निघून गेलेल्याचं नाव तिथं कसं घेतलं जातं, त्यावरून जास्त कळतं. हे वस्तीला लागू आहे, संस्थेला आहे आणि आपल्या घरालाही आहे. वेगळ्या वाटेने गेलेलं एखादं मूल, एखादा दीर, एखादी नणंद प्रत्येक कुटुंबात असते. त्यांचं नाव आपल्याकडे कसं निघतं?

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसाल तेव्हा यावर जरूर बोला. मुलांना आधी बोलू द्या.