झाकावे काय आणि उघडावे काय?



आपल्या पालघर जिल्ह्याचे वर्णन दोन प्रकारे करता येते आणि दोन्ही वर्णने खरी आहेत. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली येथेच, तारापूरला, सुरू झाले. सातपाटीच्या मच्छिमारांनी ज्याच्यासाठी आग्रह धरला त्या पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्याचा खर्च शहात्तर हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितला जातो. हे पहिले वर्णन झाले. दुसरे असे की, हा मुलूख ठाणे जिल्ह्यात असताना, १९९२ च्या सुमारास, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा निर्माण झाला आणि दोनच वर्षांत मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा छापून आल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषणाचा निर्देशांक ९३.६९, म्हणजे सर्वांत वर होता.

पहिले वर्णन कोणीही, कोठेही करावे, टाळ्याच मिळतात. दुसरे कोणी चारचौघांत केले की आवाज उठतो, कशाला आपल्याच घराची बदनामी करता? देशाचे नाव खराब होते, जिल्ह्याचे नाव खराब होते, गुंतवणूक येत नाही, मुलांची लग्ने जुळत नाहीत. आपल्यातील काही सज्जन तर या नाराजीला दीनचा आधार देतात. ऐब झाकण्याची शिकवण इस्लामने दिली आहे, गीबतीला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा कुरआनने दिली आहे, मग गरिबीचे आणि भ्रष्टाचाराचे प्रदर्शन मांडणारा गीबत करणाराच नव्हे काय, असे ते विचारतात. हा प्रश्न हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

हदीसमध्ये ‘सत्र’ची, म्हणजे दुसऱ्याचा दोष झाकण्याची, जी महती आली आहे ती कोणासाठी आहे? एखादी व्यक्ती घसरली, तिच्या हातून खासगी पाप घडले, ते तिच्या आणि तिच्या रबच्या दरम्यान आहे; अशा वेळी पडदा ठेवणाऱ्यावर अल्लाह कयामतीच्या दिवशी पडदा ठेवील. येथे ज्याची लाज राखली जाते तो माणूस आहे, त्याला तौबा करण्याची संधी हवी आहे, आणि झाकल्याने तिसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही. आता सार्वजनिक धनाकडे पाहा. गरोदर आदिवासी मातांना एका वेळचा चौरस आहार मिळावा म्हणून राज्याने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. समजा, अशा एखाद्या योजनेतील ताटातले अंडे वाटेतच नाहीसे झाले. ही चोरी झाकणारा कोणाची लाज राखतो? अंडे खाणाऱ्याची. आणि किंमत कोण मोजते? ज्या मातेला आपल्या नावावर काय मंजूर झाले होते हेसुद्धा माहीत नाही, ती.

इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत कोणकोणत्या प्रसंगी जायज ठरते ते मोजून दिले आहे. आपल्या कोकणी जमाती शाफई असल्याने हे नाव घराघरांत ठाऊक असते. ग्रंथ मात्र बहुधा कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. त्यांनी मोजलेल्या सहा प्रसंगांपैकी पहिलाच आहे जुलूम झालेल्याची फिर्याद. दुसरा, वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे. लोकांना धोक्याची सूचना देणे हाही त्यांतच येतो. आणि सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीत, वाईटाचा उघड उच्चार अल्लाहला पसंत नाही असे सांगतानाच, ज्याच्यावर जुलूम झाला त्याला त्यातून वगळले आहे. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत आणि समुद्रात जाते, मासळी मरते, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. त्या मच्छिमारांनी जिल्ह्याची बदनामी केली असे म्हणणाऱ्याने ही आयत पुन्हा एकदा वाचावी.

हजरत उमर (रजि.) यांची चुलीवरच्या हंडीची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे; पीठ आणि चरबी पाठीवर वाहून नेल्याचा भाग मुलांनाही पाठ असतो. माझे लक्ष दुसऱ्या भागाकडे आहे. त्या स्त्रीने समोर कोण उभा आहे हे न ओळखता अमीरुल मोमिनीनविरुद्ध अल्लाहकडे फिर्याद मांडली होती. परक्या वाटसरूसमोर तिने खिलाफतीची अब्रू काढली, असे आजचा एखादा पुढारी म्हणाला असता. हजरत उमर यांनी तिला गप्प केले नाही, आणि परक्यांना असे सांगू नये असेही म्हटले नाही. ते कोठाराकडे धावले.

परंतु वाचकहो, येथे थांबलो तर अर्धेच बोलणे होईल. कारण उघड करणाऱ्यांच्या हातूनही एक मोठा अन्याय घडतो. कुपोषणाची बातमी छापायची म्हणजे बरगड्या दिसणाऱ्या बालकाचे उघडे छायाचित्र छापायचे, हा जणू नियम झाला आहे. त्या बाळाला आणि त्याच्या आईला कोणी विचारले? सूरह अल्-बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे की, जे मागत नाहीत, ज्यांच्या संकोचामुळे अजाण माणूस त्यांना खाऊनपिऊन सुखी समजतो. ओळखणारा मात्र त्यांना चेहऱ्यावरून ओळखतो. याला ‘तअफ्फुफ’ म्हणतात. गरिबाजवळ उरलेली ती शेवटची दौलत असते. त्याच सूरहच्या २७१ व्या आयतीत दान उघड करणे चांगले म्हटले आहे, परंतु गुपचूप गरिबाच्या हाती देणे अधिक चांगले म्हटले आहे.

म्हणजे शरीअतने पडदा कोठे ठेवला आणि कोठून काढला ते पाहा. गरजवंताचा चेहरा झाकला. अमानतीत खयानत करणाऱ्याचे कृत्य उघडे ठेवले. आपला रिवाज याच्या नेमका उलट आहे. रमजानमध्ये रेशनचे किट वाटताना विधवेच्या हातात पिशवी देऊन पाच माणसे कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि ट्रस्टचा हिशेब विचारला की म्हणतात, घरातली गोष्ट घरातच राहू द्या.

राज्यकर्त्यांचे वागणे याहून निराळे नाही. आपल्या मनोरवरून जो महामार्ग अहमदाबादला जातो, त्याच शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्याआधी रस्त्याकडेच्या झोपडपट्टीसमोर भिंत उभी राहिली. २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी वस्त्यांवर हिरवे कापड ताणले गेले. गरिबांची लाज राखण्यासाठी ही भिंत होती, असे कोणी मनापासून म्हणू शकेल काय? झोपडीत राहणाऱ्याची लाज नव्हे, तर पाहुण्यासमोर यजमानाला वाटणारी लाज झाकायची होती. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था दरवर्षी देशांची जी यादी काढते, तीत २०२४ साठी भारताला शंभरपैकी ३८ गुण आणि १८० देशांत ९६ वे स्थान मिळाले. यादी आली की वाद होतो तो गुणांच्या पद्धतीवर. पद्धतीवर आक्षेप घेता येतील हे खरेच. ती प्रत्यक्ष लाच मोजत नाही, जाणकारांचा आणि व्यापाऱ्यांचा समज मोजते. पण दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाला आपला समज बनवण्यासाठी यादीची गरज भासत नाही.

आफ्रिकेतील नायजेरियाचे उदाहरण मला नेहमी आठवते. तेल मुबलक असलेला, लोकसंख्येने अवाढव्य, निम्म्याच्या आसपास मुसलमान वस्ती असलेला देश. आणि जगात त्याचे नाव काढले की फसवणुकीचा विषय निघतो. डोरा अकुन्यिली नावाच्या औषधशास्त्रज्ञ बाई २००१ मध्ये तेथील अन्न व औषध नियंत्रण संस्थेच्या प्रमुख झाल्या. बनावट औषधांचे साठे त्यांनी जाळले, तस्करांशी वैर घेतले, त्यांच्यावर प्राणघातक हल्लाही झाला. या काळात आपल्या देशाचे दुखणे त्यांनी जगापासून लपवले नाही, आणि तरीही, किंवा म्हणूनच, देशाची पत वाढली. पुढे त्या माहितीमंत्री झाल्या आणि २००९ मध्ये देशाची प्रतिमा नव्याने घडवण्याची मोहीम त्यांनी घोषवाक्यासह सुरू केली. तिची टिंगल झाली. बाई त्याच होत्या, तळमळही तीच होती. पहिल्या वेळी त्यांनी औषध शुद्ध केले होते, दुसऱ्या वेळी नुसते लेबल बदलायचे होते. तारापूरच्या औषध कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या भावांना हा फरक अधिक फोड करून सांगायला नको.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळतो. देशाचे ठीक आहे, लोक म्हणतात; पण आपण अल्पसंख्य आहोत. आपला एक दोष दिसला की तो साऱ्या कौमवर थापला जातो. या म्हणण्यात वेदना आहे आणि अनुभवही आहे. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. त्या भयंकर कृत्याला काही तासांत धार्मिक रंग चढवला गेला. अटक झालेल्या शंभरावर लोकांत एकही मुस्लिम नाही, असे गृहमंत्र्यांना यादीसह जाहीर करावे लागले. खोटा आळ म्हणजे ‘बुहतान’. त्याचा प्रतिकार करणे हे कर्तव्यच आहे. पण खोट्या आळाच्या भीतीने खरा दोष झाकणे जायज होते काय?

याचे उत्तर मदीनेत दिले गेले आहे. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या पार्श्वभूमीत तफसीरकारांनी बनू उबैरिक या घराण्याची हकीकत सांगितली आहे. त्या घरातील एकाने चिलखत चोरले. गवगवा होताच माल दुसऱ्याच्या घरी सापडेल अशी तजवीज झाली. अनेक रिवायतींनुसार तो दुसरा माणूस एक यहुदी होता. घराण्याची माणसे प्रेषितांकडे (सल्ल.) आपल्या माणसाच्या बाजूने बोलायला आली. त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्या. मुस्लिम समाज लहान, नवा, शत्रूंनी वेढलेला; यहुदी कबिल्यांशी संबंध ताणलेले. कौमची प्रतिमा जपण्यासाठी याहून सबळ निमित्त कोणते असू शकले असते? आणि वही उतरली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी, आणि खयानत करणाऱ्यांची वकिली करू नये असे बजावणारी. पुढे त्याच सूरहच्या १३५ व्या आयतीत स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्याचा हुकूम आहे, मग समोरचा श्रीमंत असो की गरीब. अल्लाहने त्या कौमची प्रतिमा खालावू दिली नाही; साक्ष देणारी कौम हीच तिची प्रतिमा ठरवली.

तेव्हा आपल्याविषयी आपणच बोलले पाहिजे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टी कोणाचीही असो, आपल्यापैकी कोणाची असेल तर उचलीचा हिशेब लेखी ठेवला जातो काय? बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार पुरवणारे ठेकेदार आपल्यातही आहेत. कागदावर किमान वेतनाची सही घ्यायची आणि हातावर त्याहून कमी टेकवायचे, ही रीत त्यांना ठाऊक आहे. बुखारीच्या हदीसनुसार कयामतीच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तिघांचा प्रतिपक्ष असेल, त्यांतील एक म्हणजे मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणारा. जुम्याला पहिल्या सफेत बसल्याने हा दावा निकालात निघत नाही.

लाचेसंबंधी लोक मला वारंवार विचारतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. घेणाऱ्याला ती प्रत्येक स्थितीत हराम आहे. भेट म्हटल्याने ती भेट होत नाही. जकात गोळा करून आलेल्या इब्नुल लुतबिया यांनी हे तुमचे आणि हे मला मिळालेले नजराणे, असे म्हटले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) मिंबरवरून विचारले होते की, हा मनुष्य आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर नजराणे आले असते काय. देणाऱ्याच्या बाबतीत हनफी फकीह इब्न आबिदीन (रह.) यांनी भेद केला आहे: ज्याला जुलूम टाळण्यासाठी दुसरा मार्गच उरला नाही, त्याच्यावर गुन्हा नाही. पण या सवलतीचा आपण फार सैल अर्थ लावतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. ते दार न ठोठावता मार्ग नव्हता असे म्हणता येत नाही. आणि दुसऱ्याचा हक्क तुडवण्यासाठी दिलेल्या पैशाला तर सवलत मुळीच नाही. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर एकेचाळीस बेकायदा इमारती उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या प्रारंभापर्यंत न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. अशा इमारती कोणाचे तरी डोळे मिटल्याशिवाय उभ्या राहत नाहीत. रस्त्यावर आली ती आयुष्याची पुंजी लावून खोली घेतलेली कुटुंबे.

शेवटी टँकरवर काम करणाऱ्या तरुणांचा प्रश्न. रासायनिक पाणी प्रक्रिया केंद्रात न नेता रात्री नाल्यात सोडायचे, त्याचे वेगळे पैसे मिळतात. ही रोजी हलाल आहे काय? नाही. हराम कामाची मजुरी हरामच, आणि त्या पाण्याने ज्याचे शेत व विहीर बिघडते त्याचा हक्क मानेवर राहतो तो निराळाच. असा तरुण नकार देऊन घरी बसला, तर त्याला दुसरे काम मिळेपर्यंत त्याचे घर चालवणे ही जमातीची जबाबदारी आहे, आणि तो हकदार असेल तर जकातीतूनही ते करता येते. रेशन त्याच्या घरी रात्री पोहोचवावे आणि त्याचा फोटो काढू नये.