न वटलेला चेक

"माझा हेतू वाईट नव्हता" हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा उच्चारले आहे. परंतु एकदा ते उच्चारताना माझी मलाच लाज वाटली. तो प्रसंग सांगूनच विषयाला हात घालतो, कारण दुसऱ्याचे उदाहरण देऊन उपदेश करणे फार सोपे असते.

२०१३ सालच्या पावसाळ्याआधी बेळगावातील आमच्या घराची दोन दारे व माळ्याच्या फळ्या मी नव्याने बसवून घेतल्या. सुतार ओळखीचा, कामाला चोख. काम संपले तेव्हा अठरा हजार रुपये देणे निघाले. हाती रोकड नव्हती. पुढील महिन्याच्या पाच तारखेला भिशीत माझी पाळी होती, म्हणून त्याला दहा तारखेचा चेक लिहून दिला. लिहिताना खात्यात हजार-बाराशे रुपये असतील. पाच तारखेला भिशी काही मिळाली नाही. ती चालविणाऱ्या गृहस्थांच्या घरी आजारपण निघाले होते. मी मनाशी म्हटले, सुतार काही दहा तारखेलाच बँकेत जाणार नाही. तो दहा तारखेलाच गेला.

पुढच्या रविवारी उपासनेहून परतलो तर तो दारात उभा. (त्या सकाळी उपदेशाची पाळी माझीच होती, विषय कोणता होता ते सांगत नाही.) आत या म्हटले तरी तो आला नाही. हातात माझा चेक व त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी होती. "सर, तुमची सही होती म्हणून मी वखारवाल्याला माझा चेक दिला. तोही परत गेला. आता तो म्हणतो, यापुढे लाकूड उधार मिळणार नाही." बँकेने दंड म्हणून माझ्या खात्यातून एकदा आकार कापला होता, त्याच्या खात्यातून दोनदा. यावर मी काय बोललो? "अहो, माझा हेतू वाईट नव्हता." त्याने मान डोलावली. पण माझ्या हेतूवर वखारीत लाकूड मिळत नाही, हे त्याला ठाऊक होते व मलाही.

या वाक्याचे कायद्याने काय केले आहे, ते मला पुढे कळले. हुंडी, वचनचिठ्ठी व चेक यांसंबंधीचा आपल्या देशातील कायदा १८८१ सालचा. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ चेक न वटणे हा त्या कायद्याखाली गुन्हा नव्हता. पैशासाठी दिवाणी दावा लावावा, नाहीतर फसवणुकीची फिर्याद करावी. आणि फसवणुकीत पहिल्यापासूनच मनात कपट होते असे दाखवावे लागे. दुसऱ्याच्या मनातले कपट कोण कसे दाखविणार? १९८८ साली दुरुस्ती होऊन कलम १३८ आले व १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. आता कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पट दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. पण मला थांबवून ठेवले ते कलम १४० ने. चेक देताना तो परत जाईल असे वाटण्याचे मला काही कारण नव्हते, हा बचाव चालणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे माझे ते लाडके वाक्य कायद्याने आधीच ऐकून ठेवले होते व बाजूला सारले होते.

प्रथम हे मला कठोर वाटले. आपण तर अंतःकरण पाहणाऱ्या देवावर विश्वास ठेवणारी माणसे. हेतूला काहीच किंमत नाही, हे कसे? विचार करता असे दिसले की हेतू हा माझ्या घरातला जिन्नस आहे, आणि तूट पडली ती सुताराच्या घरात. माझ्या घरातला जिन्नस दाखवून त्याची तूट कशी भरून निघणार? शिवाय कायदा वाटतो तितका निर्दय नाही. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्यास पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात रक्कम दिली तर खटला उभाच राहत नाही. पश्चात्तापाला मुदत आहे. मात्र तो रोख असावा लागतो. तरीही २०१९ च्या अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून अधिक या एका कलमाचे होते. त्या ढिगाऱ्यात नुसते लबाडच असतील असे मला वाटत नाही. माझ्यासारखे आशेवर सही करणारेही पुष्कळ असतील.

आमच्या शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात एकदा फिलेमोनाला लिहिलेले पत्र शिकवीत होतो. अनेसिमाकडे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे सांगून, आपण ते फेडू अशी हमी पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. मी मोठ्या उत्साहाने म्हटले, पाहा, हा पौलाचा चेकच आहे! मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "पण सर, पौल तर तुरुंगात होता. त्याच्याजवळ पैसे कुठे होते?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर मला सुचले नाही. तो प्रश्न घेऊनच घरी आलो.

उत्तर सापडायला काही आठवडे लागले. पौल बंदिवान आहे हे फिलेमोनाला ठाऊक होते. पौल त्या पत्रात ते पुन्हापुन्हा सांगतो. त्याने आपली स्थिती झाकून सही केली नाही. ज्याच्या हाती ते पत्र पडले, त्याला त्या शब्दावर किती भार टाकावा हे ठरविता येत होते. माझ्या सुताराला ते ठरविता आले नाही. "भाऊ, आज खात्यात काही नाही, भिशी मिळाली तर दहा तारखेला मिळतील" एवढे मी बोललो असतो, तर त्याने कदाचित तोंड वाकडे केले असते, पण वखारवाल्याला चेक दिला नसता. गरिबी मी लपविली, तीही केवळ संकोचाने. आणि त्या संकोचाचा खर्च त्याने सोसला. रिकाम्या खात्यात पाप नव्हते. जे मला ठाऊक होते व त्याला ठाऊक असणे जरूर होते, ते मी खिशात ठेवले, दोष तिथे होता.

मंडळीच्या कारभारातही असे घडते. इमारत फंडासाठी भर सभेत चेक दिला जातो, टाळ्या होतात, आणि आठवड्याने खजिनदार पाळकसाहेबांच्या कानात काहीतरी सांगतात. कायद्याने वसूल करता येईल असे देणे असेल तरच कलम १३८ लागते, म्हणून देणगीच्या चेकला ते सहसा लागत नाही. कोर्ट बोलावणार नाही, खजिनदार भिडेपोटी बोलणार नाहीत. मग त्या आकड्यावर विसंबून गवंड्याला शब्द दिला गेला असेल, तर तो शब्द कोणाचा?

आपल्या तरुणांना एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. आता चेकबुक फारसे कोणी बाळगत नाही, पण मोटारसायकलच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेली परवानगीही तशीच वाचावी. खात्यात शिल्लक नसल्यामुळे तो हप्ता परत गेला तर २००७ च्या एका कायद्याखाली तेवढीच शिक्षा आहे. आणि सावकाराला कोरा चेक सही करून कधीही देऊ नये. त्यावर आकडा त्याने भरला तरी, देणे नव्हते हे दाखविण्याचा भार आपल्यावर येतो.

सुताराचे पैसे मी पतपेढीतून उचलून तिसऱ्या दिवशी नेऊन दिले, त्याच्या खात्यातून कापल्या गेलेल्या आकारासह. त्याने नोटा मोजल्या, चेक व चिठ्ठी परत केली, चहाही पाजला. नोटीस, वकील, काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघराची खिडकी मोडली तेव्हा त्यालाच बोलावले. तो आला, मापे घेतली, कानावर पेन्सिल खोचली आणि जाता जाता दारातून विचारले, "या वेळी रोख द्याल ना, सर?"