पूर्वसूचना आणि कर्तव्य

पुढें काय होणार हें आधीं कळलें, तर मनुष्याचें कर्तव्य सोपें होतें, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें तें अधिकच कठीण होतें. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांचेंच उदाहरण घेऊं.

त्यांपैकीं सुपीरियर सरोवराचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून अधिक आहे. शरदाच्या अखेरीस, नोव्हेंबरांत, उन्हाळ्यांत तापलेलें पाणी पुरतें निवालेलें नसतें, तोंच उत्तरेची थंड हवा त्यावर उतरूं लागते आणि वादळांस जोर चढतो. इ. स. १९१३ च्या नोव्हेंबरांतील वादळानें ह्या सरोवरांवर २५० हून अधिक माणसांचा बळी घेतला. आज तेथील हवामान-खातें वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ६३ किलोमीटरांवर जाण्याचा संभव दिसतांच नावाड्यांस इशारा देतें; ८९ वर जाण्याचा दिसल्यास त्याहून कडक इशारा देतें.

परंतु अंदाजाची भाषा ही संभवाची भाषा आहे, आणि तींत मनुष्य आपल्या सोयीचा अर्थ वाचतो. दहा वेळां इशारा असतां निघून सुखरूप परतलेला नावाडी अकराव्या वेळीं त्यास भीत नाहीं. दैवानें दिलेली सूट तो आपलें कौशल्य समजतो. तो एकटा असेल तर त्यास साहसी म्हणतां येईल. पण होडींत बायकामुलें असलीं, तर स्वतःच्या तर्कासाठीं तो दुसऱ्याचे प्राण पणास लावीत असतो. हा अधिकार त्यास कोणीं दिला?

मग इशारा मिळतांच किनाऱ्यास राहणें हाच धर्म काय? तसेंहि म्हणवत नाहीं. ता. १० नोव्हेंबर १९७५ रोजीं सायंकाळीं, वादळाचे इशारे निघालेले असतां, एडमंड फिट्झजेराल्ड हें लोहखनिज वाहणारें जहाज सुपीरियर सरोवरांत २९ माणसांसह बुडालें. त्याच्या बुडण्याच्या कारणांविषयीं मतभेद अद्याप मिटलेले नाहींत. यास्तव त्याच्या कप्तानास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्याच्या मागून येणाऱ्या आर्थर अँडरसन ह्या जहाजाविषयीं. तें व्हाइटफिश उपसागराच्या आसऱ्यास पोंचलें होतें. परत जाऊन शोध घ्यावा, अशी तटरक्षक दलानें त्यास विनंति केली. बाहेर काय चाललें आहे हें त्यावरील माणसांनीं नुकतेंच भोगलें होतें. तरी जहाज पुन्हां वादळांत शिरलें. कोणीहि जिवंत सांपडलें नाहीं.

येथेंहि खलाशांचे प्राण पणास लागलेच होते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु जिवासाठीं जीव धोक्यांत घालावयास माणसास सांगतां येतें. मालासाठीं किंवा मौजेसाठीं सांगतां येत नाहीं. वारा दोघांसहि सारखाच लागतो, आणि हा भेद कोणताहि अंदाज दाखवूं शकत नाहीं.

इशारा ऐकल्यानंतर ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची वाट बंद होते. मग होडीचा दोर सोडण्यापूर्वीं आपण कोणासाठीं निघालों आणि कोणाच्या जिवावर निघालों, हे दोनच प्रश्न उरतात. नोव्हेंबरांत त्यांचें प्रामाणिक उत्तर बहुधा दोर पुन्हां आवळून बांधणें हेंच असतें.