सोसणे आणि सांगणे



डॉक्टर विचारतात, "कशा आहात?" आणि आपल्यातली आजारी स्त्री उत्तर देते, "बरी आहे." घरी आल्यावर आपण कौतुकाने म्हणतो, किती सोसते! यावर थांबून विचार करायला हवा. न सांगता सोसणे म्हणजेच खंती आहे का?

स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुफ्फुसात पसरला की सहसा पूर्ण बरा होत नाही. पण औषधांनी पुष्कळदा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. अशा वेळी औषध हा चार-सहा महिन्यांचा कोर्स राहत नाही, त्याच्याबरोबर रोज जगावे लागते. लेट्रोझोलने सांधे आखडतात, सकाळी मूठ मिटत नाही. अ‍ॅबेमासिक्लिबने जुलाब लागतात, मग विहारात कार्यक्रमाला यायची भीती वाटते. कॅपेसिटाबीनने तळहात-तळपाय सोलवटतात, भांडी घासणेही नको होते. आणि थकवा तर बाहेरून कुणाला दिसतच नाही.

तथागतांनी अतिसाराने आजारी, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदांच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, ही विनयातील कथा आपण ऐकलेली आहे. त्याच प्रसंगात पुढे, ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत, ते मात्र आपण क्वचितच वाचतो. हितकर तेच करणे, त्यातही प्रमाण राखणे, औषध घेणे, आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला जसे आहे तसे सांगणे, आणि वेदना सोसणे. सोसणे आहेच, पण त्याच्या शेजारी सांगणेही आहे. जे सांगून कमी होण्यासारखे आहे ते आधी सांगावे. त्यानंतर जे उरेल, ते सोसण्यात खंती आहे.

सांगण्याने खरेच फरक पडतो का? न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांचा कर्करोग पसरलेला होता. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे रुग्णही होते. काहींनी आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवला आणि तो वाढला की परिचारिकांना सूचना जात असे. त्यांचे मध्यम आयुर्मान ३१ महिने निघाले, इतरांचे २६. त्रास वेळीच कळला, वेळीच उपाय झाला, आणि त्यांना केमोथेरपी अधिक काळ झेपली.

तरीही आपण लपवतो. "डोस कमी करतील, मग आजार वाढेल," ही भीती असते. पण पाल्बोसिक्लिबचा डोस १२५ मिलिग्रॅमवरून १००, मग ७५ करण्याची सोय औषधाच्या अधिकृत सूचनांमध्येच दिलेली आहे. डोस कमी होणे म्हणजे हार नव्हे. मात्र हा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा. परस्पर गोळ्या टाळणे हेही लपवणेच आहे. आणि ताप आला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये, लगेच फोन करावा.

कुणी म्हणते, "माझ्याच कर्माचे फळ." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला आहे. आजार ही शिक्षा नाही, म्हणून तो मुकाट भोगण्याचे कारण नाही.

परदेशात आणखी एक अडचण आहे. दुभाषा म्हणून मुलगा शेजारी बसलेला असतो, आणि आई त्याच्यासमोर जुलाबाबद्दल किंवा योनीच्या कोरडेपणाबद्दल बोलत नाही. ब्रिटनमध्ये एनएचएसकडे दुभाषा मागता येतो, अमेरिकेतील रुग्णालयांतही मागता येतो. तो मागा. घरी एका वहीत तारीख, त्रास आणि त्याची तीव्रता मराठीतच लिहून ठेवा.

आणि आपण, जे शुश्रूषा करतो? "पॉझिटिव्ह राहा" म्हणून आपणच तिचे तोंड बंद करत नाही ना? तिने खरे सांगावे असे वाटत असेल, तर खरे ऐकण्याची तयारी आधी आपली हवी. दुःख आहे, हे मान्य करण्यापासूनच धम्माची सुरुवात होते. मग ते आपल्याच घरात का नाकारायचे?

नमो बुद्धाय! जय भीम!